ग्रीन डेचा 'सेव्हिअर्स' : एक्कावन्न वर्षांच्या पोरांचा अल्बम

कोपऱ्यातला | ४ फेब्रुवारी २०२४, २३:४०

१९ जानेवारीला ग्रीन डे या अमेरिकन रॉक बँडचा 'सेव्हिअर्स' हा अल्बम आला. तेव्हापासून रोज ऐकतोय. स्वारगेट ते हिंजवडी एका फेरीत अल्बम दोनदा संपतो, यावरून पुण्याच्या वाहतुकीचा अंदाज घ्या. इथे रॉकचे धागे फारसे चालत नाहीत हे ठाऊक आहे, तरी राहवलं नाही.

बँड ज्यांना नवा आहे त्यांच्यापुरतं: सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेकडच्या पट्ट्याला ईस्ट बे म्हणतात. तिथे तेलशुद्धीकरण कारखान्याला चिकटलेलं रोडिओ नावाचं गाव आहे. बिली जो आर्मस्ट्राँग तिथला. तो आणि त्याचा शाळूसोबती माइक डर्न्ट यांनी १९८७ मध्ये बँड काढला, तेव्हा नाव होतं 'स्वीट चिल्ड्रन'. १९९० मध्ये ड्रमवर ट्रे कूल आला. तेव्हापासून आजपर्यंत बँडचा गाभा हेच तिघं. तिघंही १९७२ सालची.

यांच्या संगीताला पॉप-पंक म्हणतात. ते म्हणजे काय, असं बायकोने विचारलं. म्हटलं, भांडण रस्त्यावरचं, पण चाल आंघोळ करताना गुणगुणण्यासारखी. त्यावर तिचा प्रश्न: "मग भांडण तरी खरं असतं का?" हा प्रश्न मला पंधरा दिवस पुरला आहे.

'सेव्हिअर्स' हा त्यांचा चौदावा स्टुडिओ अल्बम. पंधरा गाणी, पाऊण तास. निर्माता रॉब कव्हालो. हे नाव महत्त्वाचं, कारण १९९४ चा 'डूकी' आणि २००४ चा 'अमेरिकन इडियट' हे दोन्ही याच माणसाच्या हाताखाली झाले. २०१२ च्या तीन अल्बमांनंतर मंडळी त्याच्याकडे फिरकली नव्हती. मधला २०२० चा अल्बम सव्वीस मिनिटांत आटोपलेला, आणि खरं सांगायचं तर मला तीही जास्त वाटली होती. ज्याने घर बांधलं त्याच मिस्त्रीला पुन्हा बोलावून गळती काढून घ्यावी, तसं या वेळी केलंय. आवाज भरीव आहे, बेस ऐकू येतो, आणि ट्रे कूल ड्रम वाजवतोय असं वाटतं. मधल्या काळात ते मशीन वाजवतंय असं वाटायचं.

पहिलंच गाणं 'द अमेरिकन ड्रीम इज किलिंग मी'. बेघर माणसं, समाजमाध्यमांवरच्या कटकारस्थानांच्या अफवा वगैरे. ठेका जबरदस्त, मधे व्हायोलिनं येतात. पण शब्द ऐकताना वर्तमानपत्राचे मथळे ओळीने वाचल्यासारखं झालं. राग आहे, पण तो त्यांचा स्वतःचा आहे की सगळ्यांचा गोळा केलेला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग 'डायलेमा' येतं. बिली जोचं दारूचं प्रकरण तुम्हाला माहीत असेल. सप्टेंबर २०१२ मध्ये लास वेगासच्या एका कार्यक्रमात वेळ कमी दिला म्हणून तो मंचावरच बिथरला, गिटार आपटून फोडली, आणि दोन दिवसांत व्यसनमुक्तीसाठी दाखल झाल्याची बातमी आली. 'डायलेमा' त्या आजाराबद्दल आहे. सुटलेली दारू पुन्हा लागणं, आणि आपण चालतंबोलतं प्रेत होऊ ही भीती. सुरुवात सावकाश, मग बँड अंगावर येतो. चाल इतकी गोड आहे की पहिल्या दोन वेळा मी शब्दांकडे लक्षच दिलं नाही. तिसऱ्या वेळी बाणेरच्या सिग्नलला लक्षात आलं की हा माणूस स्वतःच्या मरणाची भीती गातोय आणि मी स्टिअरिंगवर ताल धरलाय.

'फादर टू अ सन' मुलांसाठी लिहिलंय. त्याची दोन्ही मुलं आता मोठी झाली आहेत. बाप म्हणून चुका झाल्या, एवढं साधं कबूल करणारं गाणं. हे गाणं बावीस वर्षांच्या पंकवाल्याने लिहिलं असतं तर हसलो असतो.

मुखपृष्ठावर १९७८ सालच्या बेलफास्टमधला एक पोरगा आहे. छायाचित्र ख्रिस स्टील-पर्किन्सचं. मागे जाळपोळ, पोराच्या हातात दगड, आणि खांदे उडवून "मी काय केलं?" असा आव. अल्बमभर मला तोच पोरगा दिसत राहिला, फक्त आता त्याला गुडघेदुखी सुरू झालीय.

बायकोला उत्तर अजून दिलेलं नाही. तुम्ही ऐकलात का? काय वाटलं?

रात्रपाळी | ५ फेब्रुवारी २०२४, ०३:१२

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर उद्या.

अण्णा डोंबिवलीकर | ५ फेब्रुवारी २०२४, ०८:०५

लेख आवडला, संगीतातलं ओ की ठो कळलं नाही. मुलगा कॉलेजात असताना हे लावायचा आणि मी जाऊन बंद करायचो. शंका एकच. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाने कशाविरुद्ध बंड करायचं? त्या वयात मी गृहकर्जाचे शेवटचे हप्ते मोजत होतो. कुणी दुखावलं असल्यास हलकेच घ्या.

ठोकळा | ५ फेब्रुवारी २०२४, ०९:३०

अण्णा, बंड वगैरे काही नाही हो, धंदा आहे. १९९३ मध्ये वॉर्नर या बड्या कंपनीच्या रिप्राइझ लेबलवर गेले तेव्हाच यांचं पंक संपलं. डेड केनेडीज ऐका, ब्लॅक फ्लॅग ऐका, ते पंक. हे म्हणजे मिसळीवर वाटीभर दही ओतायचं आणि घाम पुसत पुसत "काय झणझणीत आहे" म्हणायचं.

खर्ज_आणि_खडखड | ५ फेब्रुवारी २०२४, १०:१५

ठोकळा, दही पहिल्या दिवसापासून आहे. पंकचा पाया घालणाऱ्या रॅमोन्सचा पहिला अल्बम १९७६ चा, आणि त्यांची निम्मी गाणी साठच्या दशकातल्या मुलींच्या ग्रुप्सच्या चाली वेगाने म्हटलेली वाटतात. मँचेस्टरचे बझकॉक्सही त्याच साली सुरू झाले, आणि ते तर सरळ प्रेमगीतं गायचे. गोडवा नंतर घातलेला नाही, तो मूळ पाककृतीतच आहे.

आता धागाकर्त्यांच्या "चाल गोड, शब्द काळे" या मुद्द्याबद्दल. यामागे एक कारागिरी आहे, आणि ती आपल्या भाषेत फार सोपी करून सांगता येते. पंकचा गिटारवाला वाजवतो ती पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प. गंधार नाहीच. आणि सूर हसतोय की रडतोय हे ठरवतो गंधार, शुद्ध की कोमल. गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे फाटकी खरखर, चढवून पूर्ण कॉर्ड वाजवली तर नुसता चिखल होतो, म्हणून गंधार काढून टाकतात. उरतं ते एक कोरं, दणकट पातं. मग त्यावर गंधार कोण लावतो? गाणारा. सगळी भावना त्याच्या गळ्यावर येऊन पडते. बिली जोचा आवाज नाकातला आहे, मोठा गायक तो नाही, पण गंधार कुठे ठेवायचा हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळतं. 'डायलेमा'त गिटार काहीच बाजू घेत नाही, आणि गळा सगळं सांगून जातो.

उजवा हात फक्त खाली मारायचा, वर नाही. ही रॅमोन्सच्या जॉनीची देणगी. करून बघा, दीड मिनिटात मनगट बोंबलतं. 'डूकी'त तर सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवलेल्या. त्यातल्या 'बास्केट केस'च्या कॉर्ड्स पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या तीनशे वर्षं जुन्या 'कॅनन'च्या वाटेनेच जातात. वेडाच्या झटक्यांवरचं गाणं आणि पाया लग्नात वाजणाऱ्या चालीचा!

कव्हालोबद्दल अनुमोदन. डावीकडे एक गिटार, उजवीकडे दुसरी, मधोमध आवाज. त्यात नवीन काही नाही आणि नवीन काही नको होतं.

माणदेशी | ५ फेब्रुवारी २०२४, १३:४४

अण्णा, आमच्याकडं सत्तरीतला शाहीर पोवाड्याला उभा ऱ्हायला की पोरं त्याचं वय इचारत न्हाईत, डफ वाजतोय का बघत्यात. वरचं सा-प वाचून मजा आली. आमच्या तुणतुण्याला तर एकच तार असती राव, तरी सगळी रात निघती.

अण्णा डोंबिवलीकर | ५ फेब्रुवारी २०२४, १४:२०

माणदेशी, हे पटलं. शब्द मागे घेतो. गृहकर्ज मागे घेता येत नाही.

सॅन होजेकर | ६ फेब्रुवारी २०२४, ०७:५५

ठोकळा यांनी विकले गेल्याचा मुद्दा काढलाय, त्यावर इथून थोडं.

ईस्ट बेमधल्या बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची कार्यक्रमांची जागा आहे. पत्ता हेच नाव. आजूबाजूला गोदामं, कारखाने. १९८६ च्या शेवटच्या रात्री ती सुरू झाली आणि अजून चालू आहे. कुठल्याही वयाच्या मुलांना प्रवेश, काम सगळं स्वयंसेवकांचं. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, कुणाची जात-वंश-लिंग यावरून टवाळी नाही, असे नियम दारातच लिहिलेले. कारभार गणेशोत्सव मंडळासारखा: वर्गणी, सभासदत्वाचं कार्ड, आणि कोण झाडू मारणार यावरून बैठकीत तासभर चर्चा. ग्रीन डे इथे वाढले. लुकआउट नावाच्या स्थानिक लेबलने त्यांचे पहिले दोन अल्बम काढले ते याच वर्तुळातून.

आणि गिलमनचा आणखी एक नियम: मोठ्या लेबलशी करार केलेला बँड इथे वाजवणार नाही. रिप्राइझशी करार झाला आणि या पोरांना स्वतःच्याच घराचं दार बंद झालं. ज्यांच्याबरोबर रात्री व्हॅनमध्ये झोपून गावोगाव फिरले, त्यांनीच भिंतीवर शिव्या लिहिल्या. तेव्हा बिली जो बावीस वर्षांचाही नव्हता. शेजारच्यांनी वाळीत टाकल्यावर 'डूकी' जगभर कोटींनी खपला. या दोन गोष्टी पाठोपाठ एकाच माणसाला झाल्या तर त्याचं काय होत असेल? पुढचा 'इन्सोम्नियाक' इतका कडवट का, याचं उत्तर मला त्यातच दिसतं.

२०१५ च्या मे महिन्यात ते गिलमनला परत वाजवून गेले. एका आगीत नुकसान झालेल्यांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम होता. मी नव्हतो, तिकिटं क्षणात संपली होती. मागच्या वर्षी मुलीला घेऊन गेलो, वेगळेच कुठले तरी बँड होते, सगळे सोळा-सतरा वर्षांचे. मुलीने कार्ड काढलं. मी मागे भिंतीला टेकून उभा. एक पोरगी येऊन म्हणाली, "सर, तुम्हाला खुर्ची आणून देऊ का?" एवढं अपमानास्पद सौजन्य आयुष्यात अनुभवलं नव्हतं.

ठोकळा | ६ फेब्रुवारी २०२४, ०९:०२

हसून हसून पुरेवाट. खुर्ची!

पण मुद्दा कायम. नियम होता, तो त्यांना ठाऊक होता, तरी सही केली. निर्णय त्यांचा. त्याबद्दल मला सहानुभूती वाटावी अशी अपेक्षा नको. आणि कोट्यधीश माणसाने बेघरांवर गाणं लिहिणं मला पचत नाही, मग गंधार कुठेही ठेवा.

जास्वंद | ६ फेब्रुवारी २०२४, ११:३३

ठोकळा, त्या न्यायाने पोट भरलेल्या कुठल्याच कवीने भुकेवर लिहायला नको. मराठी साहित्य एका दुपारी रिकामं होईल.

मला मात्र सगळे 'डायलेमा'वर थांबल्याचं आश्चर्य वाटतं. 'बॉबी सॉक्स'बद्दल कुणी बोलणार की नाही? साधं प्रेमगीत आहे: माझी गर्लफ्रेंड होशील का, असं विचारतो, आणि पुढच्या फेरीत तोच सूर, तोच लाडिकपणा ठेवून विचारतो: बॉयफ्रेंड होशील का. कुठे थांबत नाही, डोळा मारत नाही, झेंडा फडकवत नाही. आपल्याला स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण आहे हे बिली जोने १९९५ मध्येच मुलाखतीत सांगितलं होतं, तेव्हा ते सांगणं सोपं नव्हतं. पण गाण्यात ते इतक्या सहज यायला अजून एकोणतीस वर्षं गेली. धागाकर्त्यांच्या सौभाग्यवतींना माझं उत्तर: भांडण खरं असतं. काही भांडणं इतकी जुनी होतात की शेवटी त्यांचं प्रेमगीत होतं. हे वाक्य फार गोड झालं, पण राहू दे.

कोपऱ्यातला | ६ फेब्रुवारी २०२४, २२:५०

जास्वंद, 'बॉबी सॉक्स' मी चक्क भरतीचं गाणं समजून पुढे ढकलत होतो. आज परत ऐकलं. चूक मान्य.

ठोकळा, ३१ डिसेंबरच्या रात्री अमेरिकन टीव्हीवर 'अमेरिकन इडियट' म्हणताना बिली जोने एक ओळ बदलून ट्रम्पसमर्थकांना टोमणा मारला, त्यावरून आठवडाभर गदारोळ झाला. वीस वर्षांपूर्वीचं गाणं, एक ओळ बदलली, आणि लोक चिडले. मला पहिल्यांदा वाटलं की नव्या अल्बममधल्या राजकीय गाण्यांवर कुणी इतकं चिडलंच नाही. म्हणजे जुनं शस्त्रच अजून धारदार आहे.

'अमेरिकन इडियट'चाही किस्सा सांगतो, कव्हालोचं महत्त्व कळायला. २००३ मध्ये त्यांचा एक जवळजवळ पूर्ण झालेला अल्बम होता, त्याच्या मूळ टेप चोरीला गेल्या. पुन्हा तीच गाणी रेकॉर्ड करावीत की काय असा विचार चालला होता. कव्हालोने विचारलं, ही तुमची सगळ्यात उत्तम गाणी आहेत का? मनापासून हो म्हणता येईना. मग कोऱ्या पाटीवर सुरुवात केली आणि नऊ-नऊ मिनिटांची गाणी असलेला एक पंक ऑपेरा झाला, पुढे तो ब्रॉडवेवर गेला. चोराचे आभार मानायला हवेत. असा "खरंच हे उत्तम आहे का?" विचारणारा माणूस जवळ नसला की काय होतं ते २०१६ नंतर दिसलंच.

मी तो अल्बम पहिल्यांदा सांगलीला होस्टेलवर ऐकला. रूमपार्टनरने कुठून तरी सीडी बर्न करून आणली होती, तिच्यावर मार्करने "हिरवा दिवस" लिहिलं होतं. सहावं गाणं हटकून अडकायचं. अजूनही ते गाणं अखंड ऐकू आलं की काहीतरी चुकतंय असं वाटतं.

रात्रपाळी | ७ फेब्रुवारी २०२४, ०४:०६

रुमाल उचलतो.

२००५ मध्ये मालाडला कॉल सेंटरला होतो. पहाटे चारला सुटणाऱ्या गाडीत सहा जण, ड्रायव्हर विरारचा. एकाने 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स' मोबाइलवर घेतलेलं, ते तो रोज लावायचा. आम्ही सगळे ते प्रेमभंगाचं गाणं समजायचो. व्हिडिओत इराकच्या युद्धावर जाणारा पोरगा होता, म्हणून कुणी म्हणायचं युद्धाचं गाणं. खूप नंतर वाचलं की ते वडिलांचं आहे. बिली जोचे वडील ट्रक चालवायचे, जॅझ वाजवायचे, आणि १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सरने गेले. पोरगा दहा वर्षांचा होता. म्हणजे गाणं यायला बावीस वर्षं लागली.

'सेव्हिअर्स'मधलं 'फादर टू अ सन' मी त्याच्या शेजारी ठेवून ऐकतो. आधी बाप गमावलेलं पोर, आता पोरांना काय देऊ या काळजीतला बाप. त्या दोन गाण्यांमधल्या वीस वर्षांत मीही बदललो. वडील गेले, मुलगी झाली. गाडी मात्र अजून पहाटे चारलाच सुटते.

ऋतू_नाशिक | ७ फेब्रुवारी २०२४, १८:२२

वाचनमात्र होते, आज खातं उघडलं. वय १९, कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवते. आमच्याकडे दर १ ऑक्टोबरला बिली जोला "उठ आता" म्हणून सांगणारे मीम्स फिरतात. रात्रपाळी काकांची पोस्ट वाचून यंदा मी पाठवणार नाही बहुतेक.

मी या प्रकाराकडे उलट्या वाटेने आले. ऑलिव्हिया रॉड्रिगोचं 'गुड फोर यू' आवडलं, मग कळलं त्याच्या श्रेयात पॅरामोरच्या लोकांची नावं नंतर घातली आहेत, म्हणून पॅरामोर, आणि तिथून मागे मागे 'डूकी'. आमच्यासाठी ती जुनी गाणी नाहीत, कारण सगळं एकदमच मिळालं. 'सेव्हिअर्स' चांगला वाटला पण थोडा लांब. पंधराऐवजी अकरा गाणी हवी होती. 'कोमा सिटी' भारी.

अमेरिकेतल्या यंदाच्या दौऱ्यात 'द लिंडा लिंडाज' आहेत त्यांच्याबरोबर. लॉस एंजेलिसच्या शाळकरी मुली, २०२१ मध्ये वाचनालयात वाजवलेल्या एका गाण्याने जगभर पोचल्या. ठोकळा सर, त्यांना ऐका, मग दही-मिसळ ठरवा.

रात्रपाळी | ७ फेब्रुवारी २०२४, १८:३०

काका???

ठोकळा | ७ फेब्रुवारी २०२४, १९:१५

ऐकलं. वर्णद्वेषी, बायकांना तुच्छ लेखणाऱ्या पोरांवरचं ना? हे पंक आहे. दह्याचा एक थेंब नाही. आभार, आणि सर म्हणू नकोस.

खर्ज_आणि_खडखड | ७ फेब्रुवारी २०२४, २१:४०

ऋतू, बेस वाजवतेस तर 'डूकी'मधलं 'लाँगव्ह्यू' बसव. अख्खं कडवं बेस आणि ड्रमवर तोललेलं, गिटार गप्प. माइक डर्न्टला बेसवाले जेवढा मान देतात तेवढा बाकीचे देत नाहीत. नवीन अल्बमवरही हेडफोन लावून फक्त त्याच्यामागे जा, वेगळाच अल्बम ऐकू येईल.

सॅन होजेकर | ९ फेब्रुवारी २०२४, ०६:३०

'सेव्हिअर्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथा. घरापेक्षा सासरी जास्त कौतुक.

रात्रपाळी | १२ मार्च २०२५, ०२:४८

वर्षभराने धागा वर काढतोय, कारण काका जाऊन आले.

गेल्या शनिवार-रविवारी महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा हा संगीत महोत्सव होता, त्यात ग्रीन डे. सदतीस-अडतीस वर्षांच्या कारकिर्दीत भारतात पहिल्यांदा. सुट्टी मागताना कारण काय लिहू कळेना, 'कौटुंबिक कार्य' लिहिलं. खोटं नाही वाटलं.

बोरिवलीहून स्लो लोकलने महालक्ष्मी. डब्यात दोन तट दिसत होते: माझ्या वयाचे, धुऊन धुऊन राखाडी झालेले काळे टी-शर्ट घातलेले, पोट आत घेऊन उभे, आणि ऋतूच्या वयाचे, डोळ्यांत काजळ, तोच टी-शर्ट कोरा करकरीत. मार्चमधला घाम दोघांना सारखाच.

ते आले आणि पहिल्या पाच मिनिटांत माझा आवाज गेला. 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स'ला बिली जो गप्प राहिला तरी चाललं असतं, मैदानच गात होतं. एका बाजूला घोड्यांचा ट्रॅक, पलीकडे दक्षिण मुंबईच्या इमारतींचे दिवे, आणि हजारो माणसं एकदम सांगतायत की मी एकटाच चालतोय. हसू आलं आणि मग नाही आलं.

खरं सांगायचं तर नव्या गाण्यांना माझ्या आजूबाजूचे बरेच पाणी शोधायला गेले. माझ्या वयाचेच. पोरं थांबली होती. पुढे एक मुलगी नव्या गाण्याचा शब्द न् शब्द म्हणत होती, तिच्यासाठी ते पहिलंच ग्रीन डे असणार. बिली जो त्रेपन्न वर्षांचा, धावत होता, उड्या मारत होता. मी दोन तासांत तीन वेळा खाली बसलो.

कोपऱ्यातला | १२ मार्च २०२५, ०९:१०

जळफळाट. मुलाची परीक्षा होती, येता आलं नाही. मधल्या काळात 'सेव्हिअर्स'ला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी नामांकन मिळालं आणि बक्षीस गेलं रोलिंग स्टोन्सकडे. त्यांचा गायक मिक जॅगर एक्क्याऐंशीचा. तेव्हा अण्णा, वयाच्या बाबतीत आपली पोरं अजून कनिष्ठ गटातच आहेत.

वर्षभरानंतर माझ्या फोनवर पंधरापैकी पाच गाणी उरलीत. 'डायलेमा', 'बॉबी सॉक्स', 'फादर टू अ सन', 'कोमा सिटी', आणि शेवटचं 'फॅन्सी सॉस'. मथळेवाली सगळी गळली. बायकोला उत्तर म्हणून हीच यादी दाखवली. तिने 'डायलेमा' पूर्ण ऐकलं, हेडफोन परत दिला आणि विचारलं, "बरा आहे का तो आता?"

ऋतू_नाशिक | १२ मार्च २०२५, १३:०५

रात्रपाळी काका, ती पुढची मुलगी मी नव्हते, पण असू शकले असते. मी डावीकडे होते. 'लाँगव्ह्यू' बसवलंय, गॅदरिंगला वाजवलं. प्राध्यापकांना शब्द कळले नाहीत हे बरं झालं. आता 'डायलेमा' घ्यायचंय. खर्ज दादा, कॉर्ड्स लिहून द्याल?

खर्ज_आणि_खडखड | १२ मार्च २०२५, १३:४०

व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. पण आधी दोन दिवस कानाने शोध. गिटारवाल्याला सांग, गंधार गाणाऱ्यासाठी ठेव.

अण्णा डोंबिवलीकर | १२ मार्च २०२५, २०:१५

आमचे चिरंजीवही गेले होते. वय बेचाळीस. रात्री दीडला आले, बूट मातीने भरलेले, बोलता येत नव्हतं. सूनबाई काही बोलण्याआधी मीच म्हटलं, बूट बाहेर काढ आणि गरम पाण्याच्या गुळण्या कर. गुळण्या करताना पण काहीतरी गुणगुणत होता. चाल ओळखीची वाटली. वीस वर्षांपूर्वी मी बंद केलेलंच असणार.